कुमुदताईंचं जपानी

मुलगी जपानमध्ये, नागोयात, अपघातात गेली, तेव्हापासून कुमुदताई एकट्याच पुस्तकावरून जपानी शिकत होत्या. चार वर्षांच्या नातीला मराठी अजिबात येत नव्हती. साखरेच्या डब्यावर ‘सातो’, मिठाच्या बरणीवर ‘शिओ’ अशा चिठ्ठ्या लावूनही सकाळी पाठ केलेला शब्द दुपारी आठवत नसे.

रविवारी व्हिडिओ कॉलवर नातीने विचारलं, “ओबाचान, मामा इत्सु काएरु?”

‘ओबाचान’ म्हणजे आजी, ‘मामा’ म्हणजे आई, ‘इत्सु’ म्हणजे कधी, ‘काएरु’ म्हणजे परत येणं. आज पहिल्यांदाच कुमुदताई एकाही शब्दाला अडल्या नाहीत.

पडद्यावर नातीच्या मागे उभ्या असलेल्या जावयाने तोंड फिरवलं. त्याने पोरीला अजून सांगितलंच नव्हतं.

“ती नाही गं येणार, बाळा,” कुमुदताई मराठीत म्हणाल्या.

नातीला काहीच कळलं नाही. तिने हसत तोच प्रश्न पुन्हा विचारला.