मीठ घातलेला बर्फ

नळी बर्फातून निघेना. लॅबमधल्या टेक्निशियनने डबा ट्रेमध्ये उपडा करून बुडाशी दोन थापा मारल्या, तेव्हा कुठे बर्फाचं ढेकूळ सुटून बाहेर आलं. रक्ताची नळी त्याच्या पोटात होती.

“तशी नाही निघायची ती,” काउंटरपलीकडचे गृहस्थ कौतुकाने म्हणाले. “मीठ घातलंय त्यात. आमचं आइस्क्रीमचं दुकान आहे, ताई, पॉटच्या आइस्क्रीमचं. मीठ घातलं की बर्फ साध्या बर्फाहून कितीतरी गार होतो, आतलं सगळं दगडासारखं गोठतं.”

लोक रक्त कसंकसं आणतात हे टेक्निशियनने पाहिलं होतं. गाडीत तापवून आणतात, घुसळून आणतात, भलत्याच नळीत आणतात. पण इतक्या निगुतीने गोठवून आजवर कुणी आणलं नव्हतं.

गृहस्थांच्या पत्नीला कॅन्सर होता. गाठीतल्या पेशी मरताना आपल्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सोडतात. तेवढे तुकडे शोधायचे आणि चालू गोळ्या लागू पडताहेत की बदलायच्या हे सांगायचं, अशी ती तपासणी होती. तुकडे असतात अगदी थोडे. रक्त गोठलं की चांगल्या पेशीही फुटतात, त्यांचा डीएनए बाहेर पडतो आणि त्या गर्दीत हवे ते तुकडे हरवून जातात. म्हणून तर नळीत आधीच औषध घातलेलं असतं. तिला थंडावा नको, नुसती घरातली साधी हवा पुरते.

कळत असूनही तिने नळी मोकळी केली, रक्त वितळू दिलं आणि यंत्रात फिरवून पाहिलं. वर फिकट पिवळं पाणी सुटायला हवं होतं. नळी खालपासून वरपर्यंत लालच राहिली.

“काका, बसा जरा,” ती बाहेर येऊन म्हणाली आणि सगळं सांगितलं. सोपं करून सांगितलं, पण कमी करून नाही सांगितलं.

ते ऐकताना कोरडेच हात रुमालाला पुसत राहिले. “घरी रक्त घ्यायला आलेल्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, ऊन लागू देऊ नका.”

“बर्फात ठेवू नका, हेही सांगायला हवं होतं त्यांनी. तुमची चूक नाही.”

“डबा तिने भरलाय,” ते म्हणाले. “उठवत नव्हतं, तरी उठली. मी भरतो म्हटलं, तर म्हणाली, तुम्हाला कधी जमलंय का? तुमच्या बर्फाचं अर्ध्या वाटेत पाणी होतं. भिंतीला धरून उभी राहिली आणि एकेक थर लावला. ती आजारी पडल्यापासून तिच्या हातून काही काम झालं नव्हतं, ताई. आज केवढी खूश होती.”

“दुसरं रक्त द्यावं लागेल, काका. उद्याच नर्सला पाठवायला सांगते.”

“शीर सापडत नाही तिची. दोन्ही हात झाले, शेवटी पायातून घेतलं. एवढं शेवटचं, आता पुन्हा सुई नाही, असा शब्द दिलाय मी तिला.”

“नाही दिलं, तर गोळ्यांचं डॉक्टरांना अंदाजानेच ठरवावं लागेल.”

तेवढ्यात गृहस्थांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज बारीक होता, पण त्या शांत खोलीत शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“पोचलात का?”

“पोचलो.”

“बर्फ राहिला ना शेवटपर्यंत?”

“राहिला म्हणजे? बर्फ फोडून नळी काढावी लागली. इथल्या ताई बघतच राहिल्या.”

पलीकडे हसण्याचा आवाज आला. गृहस्थांनी टेक्निशियनकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

“अगं, पण यांचं मशीन बिघडलंय ऐन वेळी. तुझं रक्त वाया गेलं. परत द्यावं लागतंय.”

आत यंत्र एका सुरात चालू होतं. टेक्निशियनने जाऊन मधलं दार लावून घेतलं.

फोनवरून पत्नी म्हणाली, “घेऊ दे. मशीनपुढे कोण काय करणार? तुम्ही त्यांना रागावला नाहीत ना?”

“नाही.”

“रागावू नका. बर्फ मात्र आज जास्त आणून ठेवा. उद्याचा डबापण मीच भरीन.”

“भर,” ते म्हणाले. “तूच भर.”

फोन ठेवल्यावर त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलेही नाहीत. टेक्निशियनने पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी तसाच धरून ठेवला.

“ताई, ही बिघडलेली नळी मला परत द्याल? उद्या डबा भरताना तिच्या हातात ही देईन. नवी माझ्या खिशात राहील. खिशात चालेल ना?”

“चालेल.”

वाया गेलेलं रक्त कुणाला परत द्यायचं नाही, असा तिथला नियम होता. नव्या नळीशी अदलाबदल होऊ नये म्हणून टेक्निशियनने नळीवर आडवी लाल पट्टी चिकटवली, ती पिशवीत घालून पिशवी घट्ट बंद केली आणि त्यांच्यापुढे धरली.

“उद्या मीठ जरा जास्तच घालेल बघा ती,” पिशवी घेत ते म्हणाले. “म्हणेल, त्यांचं मशीन पुन्हा बंद पडलं तर रक्त टिकायला नको का?”