आकडा गप्प बसेना

माझी बायको रुखमा दवाखान्यात वारल्याचा फोन मला मुलचेऱ्याच्या माती-तपासणीच्या खोलीतच आला. एप्रिल २००७. तेरवी आटोपून कामावर आलो, तर कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेलं पीएच मीटर वेडं झालेलं. एकाच मातीला कधी चार दाखवायचं, कधी अकरा. शनिवारपर्यंत ते सुधारलं नाही तर मीटर परत जाणार होतं आणि त्याच्यासोबत माझी नोकरी.

केबल बदलली, पोर्ट बदललं. शेवटी शिपाई धनराजने अनवाणी उभं राहून कॉम्प्युटरचा डबा धरला आणि आकडा सहा पॉइंट आठवर गप्प बसला.

"तसाच धरून ठेव."

"भाऊ, मले झिणझिण्या येऊन राह्यल्या."

"अजून बावीस नमुने आहेत."

"मंग मलेच मशीनमंदी बसवून टाका ना."

रुखमा गेल्यावर पहिल्यांदा मी हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो.

दुसऱ्या दिवशी वरोऱ्याचा मेकॅनिक आला. ऑफिसमागच्या आमच्या राहत्या खोलीच्या दाराशी असलेला ऑफिसच्या अर्थिंगचा खड्डा त्याने उकरला. "अर्थिंग ओली लागते, भाऊ, नाहीतर करंट जमिनीत उतरत नाही अन् मीटर भरकटते. हा तर ठणठणीत कोरडा आहे. आधी इथी पाणी कोण टाकत होतं?"

खड्ड्यावर कारल्याचा वेल वाळून पडला होता. रुखमा त्याला रोज दोन बादल्या पाणी घालायची आणि ऑफिसमागे चिखल करते म्हणून मी रोज ओरडायचो.



मीटर तीच चालवत होती, हे तिला सांगायचं राहिलं.