तांबड्या दिव्याखालची ताटली

आर्डिसने तांबडा दिवा लावला आणि भिंतीतल्या छोट्या खिडकीची झडप वर सारली. पलीकडे, फळ्यांच्या आडोशात, तिचा नवरा मर्ल बसला होता.

"घरी नाही का विचारता येत?" तो म्हणाला.

"घरी तू 'मस्त झालंय' म्हणतोस."

नेब्रास्कातल्या त्या कृषी महाविद्यालयात आर्डिस बावीस वर्षं बीफची प्रत जोखत होती. मांस किती मऊ, किती रसदार, चव कशी. तांबड्या उजेडात मांसाचा रंग कळत नाही, ताटलीवर नाव नसतं, नुसता आकडा. त्यामुळे चाखणाऱ्याला कुणाचं मन राखायची सोयच उरत नाही. तिथल्या चाखणाऱ्यांत सगळ्यांत पक्की जीभ मर्लची. कोणतं जनावर गवतावर वाढलं नि कोणतं मक्यावर, एका घासात सांगायचा.

मग कॅन्सर निघाला. शहरातल्या इस्पितळात त्याच्यावर एका नव्या औषधाचा प्रयोग सुरू झाला. गाठ आकसत होती. आर्डिस रोज देवाचे आभार मानायची, आणि रोज तो प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टर जोलीनवर जळायची; मर्ल तिच्याशी मोकळं बोलायचा. बाईत खोट काढावी तर सापडत नव्हती, हे तर आणखीच वाईट.

काल जोलीन हसत हसत सांगून गेली, औषधामुळे मर्लना म्हणे प्रत्येक घास बॅटरी चाटल्यासारखा लागतो. किती गमतीने बोलतात हो तुमचे मिस्टर. आर्डिसही हसली. पाच महिने ती त्याच्यासाठी स्टेक भाजत होती आणि हा माणूस बोटं चाटून दाखवत होता.

तिने ताटली आत सरकवली. बिनमिठाचे दोन तुकडे, आकडा चारशे सतरा.

मर्लने सावकाश चावलं. जीभ स्वच्छ करायला सफरचंदाच्या रसाचा घोट घेतला, पुन्हा चावलं. पेन्सिल बराच वेळ नुसतीच हातात होती. मग कागद खिडकीतून अलीकडे आला.

मऊपणा आठपैकी सात. रस सात. चव एक. खाली शेऱ्याच्या जागी त्याचं किरटं अक्षर: 'कुंपणाची गंजकी तार. वाचलो तरी चव परत आलीच नाही तर? तुझ्या तोंडावर हे बोलवत नव्हतं.'

आर्डिसने वाचलं. डोळे पुसून पुन्हा वाचलं. तारेचं जोलीनला ठाऊक नव्हतं. त्या प्रश्नाचंही नव्हतं. आपल्याला बरं वाटतंय, याची तिला जराशी लाज वाटली. पण बरं वाटायचं काही थांबलं नाही.

"हा कागद जोलीनला द्यायला हवा," मर्ल पलीकडून म्हणाला. "तिला सगळ्या नोंदी लागतात."

"आकडे कळव तिला," आर्डिस म्हणाली. "शेरा माझा आहे."