बुक्का लावताना

संध्याकाळी देवळाच्या दारात मी कीर्तनाला येणाऱ्यांना बुक्का लावत होतो, पण मन मैदानावरच अडकलं होतं. दुपारी आमच्याच पेठेत येऊन त्या तगड्या संघानं आम्हाला पाच गोल मारले होते.

तेवढ्यात आमचा गोलकीपर संताजी आला. कीर्तनात मृदंगही तोच वाजवतो.

"तुझ्यापेक्षा गोलाचा खांब बरा! तो एखादा तरी बॉल अडवतो," मी तोडून बोललो.

तो नेहमीसारखा माझ्या पाया पडला. पायांवर टेकलेली त्याची बोटं सुजून काळीनिळी झाली होती.

"अरे, मग बाहेर यायचं की!"

"आणि गोलात कोण उभं राहणार, मामा?" तो म्हणाला. "बुवांना तेवढं सांगा, आज वाजवायला जमायचं नाही."

आत बुवा त्याच्यासाठीच थांबले होते. सांगायला जायचं, तर माझे पाय उचलेनात.