जुळ्या डिस्क

डॉक्टर सरोदेंनी खुर्ची स्वतः पुढे सरकवली आणि जीवराम अवघडला. फैजपूरनंतर त्याला बसायला सांगणारा हा पहिलाच माणूस.

फैजपूरला एका केळीच्या व्यापाऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये जुळ्या डिस्क होत्या. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटायचं, म्हणजे एक मेली तरी दुसरीवर सगळं शाबूत. तशी एक मेली. जीवरामने उरलेलीच्या शेजारी नवी कोरी डिस्क जोडली आणि यंत्राला नक्कल करायला सांगितलं. फक्त कुणाची कुणावर, हे उलटं सांगितलं. यंत्राने मुकाट्याने कोरेपणाची हुबेहूब नक्कल करून दिली. तेव्हापासून जळगावात त्याच्या हाती कॉम्प्युटर कुणी दिला नाही. तो लग्नपत्रिका टाइप करायचा, आणि त्याही लोक दोनदा वाचून घ्यायचे.

“पोरं भरपूर आहेत हो,” डॉक्टर म्हणाले. “पण मला तुम्हीच हवे होतात. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.”

जीवरामने हातातली पिशवी खुर्चीशी ठेवली. बायको सकाळी म्हणाली होती, की हे काम नीट झालं तर पत्रिकांचा धंदा सुटेल. नाही झालं तर काय, हे तिने डबा बांधता बांधता गिळलं होतं.

दोंडाईच्याला डॉक्टरांनी मोतीबिंदूचं मोफत शिबिर घेतलं होतं. पुष्कळांचे डोळे पिकले आणि गेले. आता मुंबईहून चौकशीचे साहेब आले होते. केसपेपर पाहावेत, तर दवाखान्याची पाण्याची टाकी नेमकी रेकॉर्डच्या खोलीवर फुटलेली. कागदांचा लगदा झाला. उरलं ते फक्त कॉम्प्युटरमध्ये. तोही जुना, केव्हा डोळे मिटेल सांगता येत नव्हतं, म्हणून नवा आणला होता.

“एक अक्षर जाता कामा नये,” डॉक्टर म्हणाले. “त्या गरिबांना मी काय तोंड दाखवू? संध्याकाळी साहेबांना इथेच बोलावलंय. त्यांच्यासमोरच चालू करू. माझं काही झाकलेलं नको.”

बाहेर ओट्यावर रुक्माबाई बसली होती. दोन्ही डोळ्यांवर हिरवी पट्टी. शिबिरातून ती घरी गेलीच नव्हती. जीवराम बाहेर आला तसा त्याच्या बुटांचा आवाज ऐकून तिने हात पुढे केला.

“भाऊ, मन्हं नाव शे ना त्या पेटीमा?”

“आहे, अक्का.”

“मंग सांडू नको.”

उखर्डू कंपाउंडरने चहा आणला आणि फैजपूरला किती ट्रकांचा हिशेब धुऊन निघाला होता, ते गोड आवाजात विचारलं. उत्तराची त्याला गरज नव्हती. डॉक्टर देवमाणूस आहेत, दुसरा कुणी असता तर तुम्हाला पायरी चढू दिली नसती, एवढं ऐकवून तो कपबशी घेऊन गेला. दोंडाईच्याला औषधाच्या बाटल्या यानेच उघडल्या होत्या आणि त्यांच्या नोंदीही यानेच कॉम्प्युटरमध्ये भरल्या होत्या. माणूस आगाऊ असला तरी कामाला चोख होता.

जुन्या कॉम्प्युटरमध्येही जुळ्याच डिस्क होत्या. जीवरामने दोन्ही काढल्या. डॉक्टरांनी खिशातून नवी कोरी डिस्क काढून दिली. म्हणाले, जुन्यांपैकी एक कुरकुरते, ती भंगारात जाऊ द्या. दुसरीला ही नवी जोड लावा. एक भरलेली, एक कोरी. फैजपूरचीच मांडणी.

“आणखी कॉपी काढत बसू नका,” डॉक्टर म्हणाले. “जुळ्याच आहेत ना शेवटी.”

नव्या कॉम्प्युटरच्या पूजेचं ताट टेबलावरच होतं. जीवरामने भरलेल्या डिस्कला कुंकवाचं बोट लावलं, कोरीचं कपाळ कोरं ठेवलं. आता चूक होणं शक्य नव्हतं. तो हात धुवायला गेला. परत आला तर डॉक्टर डोळे मिटून टेबलापुढे उभे. दोन्ही डिस्कना कुंकू.

“दुजाभाव नको,” ते म्हणाले. “लक्ष्मीच ती.”

जीवराम भाविक माणसावर रागावला नाही. डॉक्टर गेल्यावर त्याने दोन्ही डिस्क एकेक करून जुन्या कॉम्प्युटरला लावून पाहिल्या. जी बोलली ती भरलेली, जी मुकी ती कोरी. कुरकुरणारी भंगारात न टाकता डब्याच्या फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत तळाशी ठेवली. मग नव्या कॉम्प्युटरमध्ये नक्कल सुरू केली. कुणाची कुणावर, हे पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचलं. ओट्यावरून रुक्माबाई म्हणाली, “मंत्र म्हनी राह्यना का, भाऊ?”

ऊन उतरलं तेव्हा नक्कल पुरी झाली होती. पडताळणीसाठी त्याने रुक्माबाईचंच नाव उघडलं. गाव, वय. दोन्ही डोळे. औषधाच्या बाटलीचा नंबर. बाटलीची मुदत शिबिराआधीच, गेल्या दिवाळीला संपलेली. जुन्यावर होतं तसंच, नव्यावर अक्षर न् अक्षर. जीवरामला गहिवरून आलं. अक्षरांचा अर्थ लावणं त्याच्या कामात येत नव्हतं.

एवढ्यात साहेबांना घेऊन डॉक्टर आले. चेहरा मयताच्या घरी समाचाराला आलेल्या माणसाचा. उंबऱ्यातच थांबून ते साहेबांना म्हणाले, “एक आधीच सांगतो. या गरीब माणसाला बोल लावू नका. माहिती गेली असेल तर दोष माझा.”

असा मालक जीवरामने जन्मात पाहिला नव्हता. भरल्या डोळ्यांनी त्याने स्क्रीन साहेबांकडे फिरवला.

“काहीच गेलं नाही, डॉक्टरसाहेब. आणखी एक पिशवीतही आहे.”

साहेबांनी खुर्ची ओढली, चष्मा चढवला आणि वाचायला लागले. डॉक्टर बराच वेळ साहेबांच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहत राहिले. मग ते जीवरामच्या कानाशी वाकले. आवाज अगदी हळू होता.

“फैजपूरचं काम... ते नक्की तुम्हीच केलं होतं ना?”