बांधावरची माती

ह्यांनी मला इतक्या जोरानं मागं ओढलं, की हातातली बांगडी फुटली.

भातखाचराच्या अरुंद बांधावरून आम्ही चाललो होतो. हे नेहमी दहा पावलं पुढं जायचे आणि पलीकडं पोचल्यावर वळून म्हणायचे, "ये आता." लग्नापासूनची ही तऱ्हा, बायका मला चिडवायच्या. त्या दिवशी मी मुद्दाम ह्यांना ओलांडून पुढं झाले. "पुढं काय वाघ बसलाय? फौजेतला माणूस आणि एवढा भित्रा?"

मला ओढून हे बांधावरच मटकन बसले. म्हणाले, "निमाईलासुद्धा मी असंच म्हटलं होतं."

एकाहत्तरच्या लढाईत ह्यांच्या तुकडीला वाट दाखवायला मुक्तिवाहिनीतला निमाई होता. गाव त्याचंच. एका बांधाशी तो थांबला. "दादा, माती उकरलेली दिसते. पाण्यातून वळसा घेऊ." उजाडायला आलं होतं, ह्यांना घाई होती. "भ्यालास का रे?" म्हणून हे हसले. निमाई बांधावरून चालू लागला. सातव्या पावलाला सुरुंग फुटला.

"त्याच्या गावची माती, त्याला कळत होती. मी ऐकलं नाही गं."

मी बांगडीच्या काचा वेचल्या. त्यानंतर कधी ह्यांच्या पुढं गेले नाही.

हे गेले त्याला चार वर्षं झाली. खाचरात जाताना बांधाशी पाय अजून थांबतात. पलीकडून "ये आता" म्हणणारं कुणी नसतं. मग मी लुगडं वर खोचते आणि पाण्यातून वळसा घेते.