भाकरीवरचं गौडा

शिकायला नेदरलँड्सला जाऊ नको, असं सांगूनही पूनम गेली, म्हणून शेषरावांनी लेकीशी दोन वर्षं अबोला धरला होता. ती संग्रामपूरला परतली आणि पहिल्याच सकाळी तिनं गरम भाकरीवर तिकडून आणलेलं गौडा चीज किसलं, ते वितळल्यावर वरून ठेचा लावला आणि ताट त्यांच्यासमोर ठेवलं. मग तिला बसवेना. ती गॅसपाशी गेली, दाराशी आली, पुन्हा गॅसपाशी गेली.

घासागणिक शेषरावांचं तोंड वाकडं होत होतं, तरी त्यांनी ताटात कण ठेवला नाही.

“आवडलं काय, बाबा?”

“नाही.”

“मंग सारं काऊन खाल्लं?”



“तिकडं तू दोन साल काय खाल्लं, थे पाह्यचं होतं मले.”